आधी वाटाड्या, मग खोली

पनवेलहून गोव्याच्या महामार्गाला लागलं आणि शिरढोण मागे पडलं की थोड्याच वेळात कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसू लागतो आणि झाडी रस्त्याच्या दोन्ही अंगांना येऊन भिडते. हे कर्नाळा पक्षी अभयारण्य. १९६८ साली ते जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं. २००३ मध्ये वाढ होऊन ते बारा चौरस किलोमीटरच्या थोडं वर गेलं. एवढ्याशा जंगलात स्थानिक आणि पाहुणे मिळून दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे आणि ते मुंबईपासून दोन तासांच्या आत आहे. त्यामुळे मुंबई, ठाणे, पुण्याच्या तीन पिढ्यांनी पहिलं पक्षिनिरीक्षण इथे केलं.

गेल्या वीसेक वर्षांत या जंगलाच्या आसपास, म्हणजे नेरे, मालडुंगे, धोदाणी, गाढेश्वर, आपटा या पट्ट्यात, ‘निसर्गाच्या कुशीत’ मुक्काम देणाऱ्या जागा झपाट्याने वाढल्या. फार्महाऊस, कॅम्प, तंबू, बंगले, होमस्टे अशी सगळी तऱ्हा आहे. पाण्याचा हौद, संगीत, चुलीवरचं कोंबडं मिळतं. जंगल दाखवणारा माणूस मात्र शोधावा लागतो. पनवेल परिसरातल्या निसर्ग पर्यटनाचा आढावा घ्यायचा तर सुरुवात या विषमतेपासून करावी लागते: खोल्या उदंड झाल्या, वाटाडे झाले नाहीत.

आधी जंगलाविषयी. जाहिरातींत सह्याद्रीच्या कुठल्याही हिरव्या उताराला सर्रास पर्जन्यवन म्हटलं जातं. पनवेलचं जंगल त्या अर्थाने पर्जन्यवन नाही. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे असतात. एवढा कोरडा काळ बारमाही हिरवं जंगल सोसू शकत नाही. म्हणून कर्नाळ्यात ऐन, किंजळ, साग, कुंभा, पांगारा, काटेसावर अशी पानं गाळणारी झाडं अधिक. ओढ्यांच्या घळीत मात्र आंबा, जांभूळ, उंबर, करंज धरून असतात आणि तिथे मे महिन्यातही सावली टिकते. वर माथेरानच्या पठारावर धुकं आणि जास्तीचा पाऊस मिळतो, तिथे जांभूळ, अंजन आणि हिरड्याचं निम-सदाहरित जंगल आहे. खरं सदाहरित अरण्य पाहायचं तर दक्षिणेकडे कोयना, चांदोली, राधानगरी करत आंबोली-तिलारीपर्यंत जावं लागतं. यातल्या कोयना, चांदोली आणि राधानगरीला, कास पठारासह, युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं. पनवेल हे या सगळ्या पट्ट्याचं उत्तरेकडचं दार आहे आणि बहुतेक शहरी माणूस सह्याद्रीच्या जंगलात या दारानेच पहिल्यांदा शिरतो. दारात जी शिस्त लागते तीच पुढे आंबोलीपर्यंत जाते, आणि बेशिस्तही तशीच.

या जंगलाला वाटाड्याची गरज ताडोबापेक्षा जास्त आहे, हे आपल्या पर्यटन धोरणात अजून उमटलेलं नाही. ताडोबात जिप्सीत बसलं, वाघ रस्त्यावर आला, तर तो दहा वर्षांच्या मुलालाही दिसतो. तरीही तिथे प्रत्येक गाडीत गावातला प्रशिक्षित गाइड सक्तीने बसतो. ओलसर, दाट जंगलात मोठं जनावर दिसण्याचा योग क्वचित. जे आहे ते लहान आहे, पानाआड आहे, आवाजाच्या रूपात आहे. इथे गाडीने फिरता येत नाही, चालावं लागतं. कर्नाळ्यात हरियाल आणि मोरटाका नावाच्या निसर्गवाटा आहेत. कोणी सोबत नसेल तर नवखा माणूस मोरटाक्याच्या वाटेने तासभर चालून येतो आणि ‘माकडं सोडून काही नव्हतं’ असं सांगतो. खोटं बोलत नाही तो. त्याला खरंच काही दिसलेलं नसतं.

त्याच वाटेवर जाणकार सोबत असेल तर सकाळचे दोन तास भरगच्च जातात. तो सूर्य वर येण्याआधी निघतो, कारण साडेनवानंतर पाखरं गप्प होतात आणि महामार्गाची घरघर वाढते. चालताना तो पक्षी शोधत बसत नाही, फळावर आलेलं झाड शोधतो. उंबर पिकला असेल तर तिथे हरियाल, तांबट, बुलबुल येणारच. मग मिश्र थव्याची वाट पाहायची. आपल्या जंगलात हिवाळ्यात लहान पक्षी एकत्र शिकार करत फिरतात: वटवटे, निखार, सुतार, नाचण, मध्येच लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक, आणि पाळतीला कोतवाल. दहा मिनिटं सगळं झाड हलतं आणि थवा पुढे सरकला की पुन्हा शांतता. जाणकार माणूस कोतवालाच्या आवाजावरून थवा कुठल्या अंगाने येतोय ते ओळखतो आणि लोकांना आधीच गप्प उभं करतो. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची शीळ कानावर येते, तेव्हा तो गर्दीला थांबवून फक्त ऐकायला सांगतो. शिवाय तो पाऊल कुठे ठेवायचं ते सांगतो. कोकणात फुरसं आणि घोणस पालापाचोळ्यात असतात, आणि लाल विंचू किती जीवघेणा आहे हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आयुष्यभराच्या कामातून जगाला दाखवलं आहे. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर किंवा आरडाओरडा यांनी ती उठली तर किल्ल्यावर पळायला जागा नाही. हे फलकावर लिहून भागत नाही, वर चढण्यापूर्वी कोणीतरी तोंडाने सांगावं लागतं.

आतापर्यंत ही जाणकारी पुरवली ती प्रामुख्याने शहराने. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या निसर्गसहलींनी कर्नाळ्याला किती माणसं आणली त्याची गणती नाही. सलीम अली याच रायगड जिल्ह्यात किहीमला राहून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास करत. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून ज्या जंगलांच्या जडणघडणीत वाटा उचलला त्यांत कर्नाळा आहे, आणि त्यांच्या पुस्तकांनी मराठी वाचकाला पक्ष्यांची मराठी नावं दिली. पुढे ठाणे, डोंबिवली, पुण्यात निसर्गमंडळं निघाली. या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. परंतु त्यातून एक घडी बसली ती अजून मोडलेली नाही: तज्ज्ञ शहरातून येतो, पाहुणेही शहरातून येतात, आणि जंगलाकाठच्या वाडीतला माणूस भाकऱ्या भाजतो नाहीतर गाड्या लावून देतो. जंगल दाखवण्याचा मोबदला जंगलाकाठी पोहोचत नाही. ज्याला त्या जंगलातून रोज काही मिळत नाही त्याने ते राखावं ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

जंगलाची खरी माहिती ज्यांच्याकडे आहे ते ठाकर आणि कातकरी इथेच आहेत. पनवेल तालुक्यातल्या डोंगरवाड्यांतून जूनमध्ये बायका शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी, पुढे कंटोळी घेऊन बाजारात उतरतात. शेवळं कुठल्या उतारावर पहिली फुटतात, त्यांची खाज मारायला काकडं कोणत्या झाडाची घ्यायची, कुठला कंद उकडून खायचा आणि कुठला शिवायचाही नाही, हे त्यांना पाठ आहे. कातकरी समाज तर एकेकाळी खैरापासून कात काढून जगत होता. ते काम गेलं, जंगल गेलं, आणि आज हा समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. वर्षातले अनेक महिने वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर काढणाऱ्या या कुटुंबांना गावात राहून मिळणारं चार-सहा महिन्यांचं काम म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

इथे एक अडचण आहे, ती झाकून उपयोग नाही. या ज्ञानाचा मोठा भाग शिकारीतून आणि बेचकीतून आलेला आहे, हे आपल्यातले अनेक निसर्गप्रेमी नाक मुरडून सांगतात. वनखात्याशी या वाड्यांचं नातं भीतीचं आहे. रायगडात दळीच्या जमिनींचा प्रश्न इंग्रजांच्या काळापासून चालत आला: डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायला आदिवासींच्या गटाला जमीन द्यायची, कागदावर मात्र मालकी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर दळीधारकांनी दावे केले आणि त्यांतले बरेच वर्षानुवर्षं रेंगाळले. ज्याला अतिक्रमणदार म्हणून नोटीस येते त्याच माणसाला खाकी सदरा घालून पाहुण्यांसमोर ‘आमचं जंगल’ म्हणून उभं करायचं असेल, तर आधी हक्काचा कागद त्याच्या हातात द्यावा लागेल. केरळच्या पेरियारमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दालचिनीच्या जातीतल्या वयना झाडाची साल चोरणाऱ्यांनाच वनखात्याने पायवाटांचे वाटाडे केलं. चोरवाटा ठाऊक असलेली माणसं त्याच वाटांवर गस्त घालू लागली आणि पाहुण्यांना नेऊ लागली. शिकाऱ्याचं ज्ञान वाया घालवायचं की कामाला लावायचं, याचं उत्तर त्यांनी करून दाखवलं आहे.

आता मुक्कामाच्या जागा. पनवेलच्या आसपास त्या चार तऱ्हांच्या आहेत आणि त्यांना एका मापाने मोजता येत नाही.

वनखात्याची विश्रामगृहं जंगलाला सर्वांत जवळची आणि सर्वांत कमी वापरलेली. कर्नाळ्यात प्रवेशद्वारावर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्यांवर अनामत घेतात, ही चांगली शिस्त आहे. पण सुट्टीच्या दिवशी येणारी गर्दी सहलीची असते, आणि तिला जंगलात नेऊन परत आणण्याची सोय तोकडी पडते.

दुसरी तऱ्हा संस्थांची. कर्नाळ्याच्या पलीकडे महामार्गावरच तारा गाव आहे. तिथे १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरचं काम आहे: शाळा, दवाखाना, तेलघाणी, साबण, कुंभारकाम, आणि सोबत पाहुण्यांची साधी राहण्याची सोय. डॉ. जी. जी. परीख आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी ते पर्यटनासाठी उभं केलं नव्हतं. तरीही शाळेच्या मुलांना जंगलाजवळ दोन दिवस ठेवायचं असेल, तर हौद आणि ध्वनिक्षेपक असलेल्या बंगल्यापेक्षा हा नमुना कितीतरी सरस. मूल सकाळी पक्षी पाहतं, दुपारी घाणीवर तेल निघताना पाहतं, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याला कळतं.

तिसरी तऱ्हा वाडीतल्या घरांची. प्रबळगडाच्या खांद्यावर, कलावंतीण सुळक्याच्या पायथ्याशी प्रबळमाची आहे. समाजमाध्यमांतल्या छायाचित्रांनी कलावंतीणच्या पायऱ्या देशभर पोहोचवल्या आणि माचीवरच्या ठाकर कुटुंबांनी अंगणात तंबू लावायला, पिठलं-भाकरी द्यायला, पहाटे वर न्यायला सुरुवात केली. कोणत्याही योजनेविना, कोणत्याही मंडळाविना उभा राहिलेला हा धंदा आहे आणि पनवेल तालुक्यातलं निसर्ग पर्यटनाचं हेच सर्वांत अस्सल रूप, असं माझं मत आहे. पैसे वाडीत राहतात, घर त्यांचंच, वाट त्यांचीच. दोष आहेत: शनिवारी रात्री माचीला गर्दी झेपत नाही, पाणी उन्हाळ्यात आटतं, कचरा दरीत जातो, शहरातले मधले आयोजक स्वस्तात माणसं आणून दर पाडतात. सुळक्यावरच्या अरुंद पायऱ्यांवर एका वेळी किती माणसं चढवायची यावर कायम नियंत्रण हवं. पण हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत.

चौथी तऱ्हा फार्महाऊसची. तिच्याबद्दल मी स्पष्टच लिहितो. शेतजमीन घ्यायची, उताराला सपाटी करायची, ओढा वळवायचा, विलायती गवत आणि पाम लावायचे, रात्रभर दिवे जळत ठेवायचे आणि त्याला निसर्ग म्हणायचं, हा व्यवहार जंगलाच्या विरुद्ध आहे. अपवाद आहेत. काही मालकांनी देशी झाडं लावली, विहिरीकाठी पक्ष्यांना पाणी ठेवलं, गावातली मुलं कामाला घेतली, त्यांचं कौतुकच. पण माथेरान आणि परिसर २००३ सालीच केंद्राने पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र जाहीर केलं, त्यात पनवेल तालुक्यातला डोंगरपट्टाही येतो. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या ३६-अ कलमाचा अटकाव आहे. कायदे असूनही उतार कापले जातात. जिथे डोंगर कापला तिथे वाटाडा कितीही चांगला आणला तरी दाखवायला काही उरत नाही.

माचीवरच्या वस्त्यांचा विषय निघाला की इर्शाळवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडली नाहीत. इर्शाळगडाला जाणारे गिरिप्रेमी याच वाडीतून वर जात, तिच्या अंगणात चहा पीत. प्रबळमाची त्याच डोंगररांगेत आहे. धुवाधार पावसात माचीवर मुक्कामाला माणसं नेणं म्हणजे त्यांचा आणि यजमानांचाही जीव टांगणीला लावणं. पावसाळी मुक्काम पायथ्याशी, माचीवर फक्त दिवसा आणि इशारा नसताना, आणि वाडीतल्या लोकांना दरडीची लक्षणं ओळखायचं शिक्षण, एवढं तरी ताबडतोब व्हायला हवं. भेगा पडणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, झाडं कलणं ही लक्षणं वाडीतल्या माणसालाच सगळ्यांत आधी दिसणार आहेत.

पावसाळ्यात प्रशासनाच्या हातात सध्या एकच हत्यार दिसतं, ते म्हणजे बंदी. खारघरचा पांडवकडा, गाढेश्वरचं धरण, आजूबाजूचे धबधबे इथे दरवर्षी मनाई होते, कारण माणसं दरवर्षी बुडतात. बंदीची गरज मी नाकारत नाही. पण बंदी मोडून जाणाऱ्याला अडवायला पोलीस पुरत नाहीत आणि ओढ्याचं पाणी कधी चढतं हे त्याला सांगायला तिथे कोणी नसतं. सह्याद्रीचं जंगल सर्वांत जिवंत असतं ते याच महिन्यांत. धोकादायक कडे बंद ठेवून, सुरक्षित उतारांवरच्या निवडक वाटा नोंदणीकृत वाटाड्यासह लहान गटांना खुल्या केल्या तर गर्दीला दुसरं ठिकाण मिळेल आणि वाडीला पावसाळ्यातला रोजगार.

पावसाळ्याबरोबर तिबोटी खंड्या येतो आणि त्याच्यामागे कॅमेरे येतात. मूठभर आकाराचा, लाल चोचीचा, निळ्या-जांभळ्या-नारिंगी रंगांचा हा पक्षी रायगडचा जिल्हा पक्षी आहे. जूनमध्ये तो ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खोदतो आणि सरडे, खेकडे, बेडक्या आणून पिल्लं वाढवतो. त्याचं बीळ सापडलं की समोर आडोसे उभे राहतात, एकेका बैठकीचे पैसे घेतले जातात, फांदी मोडून ‘बसायची जागा’ केली जाते. आडोशातून, अंतर राखून, मोजक्या वेळात घेतलेल्या छायाचित्राला माझा आक्षेप नाही. पाण्याच्या कुंडासमोरचा आडोसा तर चांगलाच, वयस्कर माणसालाही बसल्या जागी पक्षी दिसतात. पण घरट्यासमोर रांग लावणं, ध्वनिमुद्रित हाक वाजवून नराला बोलावणं हे थांबलं पाहिजे. हीच गोष्ट काजव्यांची. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला प्रबळच्या पायथ्याशी झाडं लुकलुकतात. काजव्याची मादी झुडपात, जमिनीलगत असते. पाहणारे विजेऱ्या लावून तेच झुडूप तुडवतात. अशा वेळी गटाला वाटेवर थांबवून दिवा विझवायला लावणारा माणूस हवा, आणि त्या माणसाचं ऐकलं जाईल एवढा अधिकार त्याला हवा.

हे सगळं अशक्य वाटत असेल तर कोकणातच खाली वेळासला जावं. मंडणगड तालुक्यातलं हे गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. हॉटेल नव्हतंच. पाहुणे घराघरांत उतरले, ओसरीवर झोपले, उकडीचे मोदक जेवले, आणि ज्या गावात अंडी खाल्ली जात होती त्याच गावातली पोरं घरट्यांची राखण करू लागली. क्रम लक्षात घ्यावा: आधी चार वर्षं राखण, मग पाहुणे. कास पठारावर गर्दीचा लोंढा इतका वाढला की वनखात्याला आजूबाजूच्या गावांच्या समित्यांकडे व्यवस्था सोपवून, शुल्क लावून, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालावी लागली. तिथे आधी गर्दी आली आणि मग व्यवस्था, म्हणून ती अजून ठेचकाळते. आंबोलीत चित्र आणखी वेगळं. तिथल्या स्थानिक तरुणांनी बेडूक, साप, फुलपाखरं यांचा अभ्यास स्वतः करत मुक्काम आणि रात्रीच्या फेऱ्या सुरू केल्या. आंबोलीचं नाव लावणारा भेक शास्त्राला माहीत आहे, आणि २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या कुंडातून माशाची नवी जात वर्णिली गेली, पुढे ते स्थळ जैवविविधता वारसा ठरलं. म्हणजे जिथे लोक धबधब्याखाली नाचायला येतात त्या गावाला रात्री विजेरी घेऊन बेडूक पाहणारा वेगळा पाहुणाही मिळू शकतो. फक्त त्या पाहुण्याला नेणारा गावात तयार झाला पाहिजे.

जगातही हाच अनुभव आहे. पेरूच्या अॅमेझॉनमध्ये तांबोपाता नदीकाठी इन्फिएर्नो या गावाने १९९६ साली एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. निवास गावाच्या जमिनीवर, नफ्यातले ६० टक्के गावाचे, निर्णयात निम्मा वाटा, आणि त्या काळात गावातली मुलं वाटाडे आणि व्यवस्थापक म्हणून तयार करायची अट. ‘पोसादा आमासोनास’ हा निवास त्यातून उभा राहिला. कोस्टा रिकाने तोडून टाकलेलं जंगल पुन्हा वाढवलं ते जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे देऊन आणि निसर्गवाटाड्याच्या कामाला प्रतिष्ठा देऊन. जवळचं उदाहरण केरळातल्या तट्टेकाडचं. सलीम अलींच्या नावाचं ते पक्षी अभयारण्य अवघं २५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे कर्नाळ्याच्या दुप्पट, आणि त्याच्या भोवती गावकऱ्यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी घरगुती मुक्काम उभे केले. देशोदेशीचे लोक तिथे एका घुबडासाठी तीन-तीन दिवस राहतात. कर्नाळ्याला माणूस तीन तास थांबतो.

आपल्याकडे कागदाची उणीव नाही. केंद्राने २०२१ मध्ये वनक्षेत्रातल्या पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्थानिकांचा सहभाग आणि जागेची वहनक्षमता दोन्ही आहेत. राज्यात निसर्ग पर्यटन मंडळ आहे. पश्चिम घाटाविषयीचा माधव गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल तर पानोपानी सांगत होता की ग्रामसभेला विचारून ठरवा. कमतरता आहे ती वेळेची. अटल सेतू जानेवारी २०२४ पासून सुरू आहे, विमानतळ पनवेलच्या दारात आला आहे, त्याच्याभोवतीच्या ‘नैना’ या विमानतळ प्रभाव क्षेत्रात नगरं आखली जात आहेत, आणि कर्नाळ्याच्या पोटातून जाणाऱ्या महामार्गावरची वाहनं वाढतच राहणार. दक्षिण मुंबईतला माणूस आता तासाभरात या डोंगरांशी पोहोचतो. येत्या पाच-सात वर्षांत इथे जी घडी बसेल ती पुढची पन्नास वर्षं मोडता येणार नाही.

माझ्या मते करायचं ते थोडं आणि ठरावीक आहे. कर्नाळा, प्रबळ, धोदाणी-माथेरान वाट या तीन ठिकाणी आसपासच्या वाड्यांतल्या मुलामुलींना, मुलींना विशेष करून, वर्षभर पगारी प्रशिक्षण द्यावं. पक्षी-वनस्पती, प्रथमोपचार, सर्पदंश, दरडीची लक्षणं, आणि गर्दीला नम्रपणे ‘नाही’ म्हणणं, सगळं. एका वाटाड्यामागे आठ-दहा माणसांहून मोठा गट नको. शुल्क थेट वाडीच्या समितीत जमा व्हावं. मुक्कामाच्या नव्या परवानग्या तोवर थांबाव्यात आणि पुढे ज्याच्याकडे नोंदणीकृत स्थानिक वाटाडा नाही त्याला ‘निसर्ग’ हा शब्द पाटीवर लावू देऊ नये. निसर्गमंडळांनी आपले तज्ज्ञ गट नेण्यासाठी पाठवण्याऐवजी शिकवण्यासाठी पाठवावेत. चाळीस वर्षं या जंगलाने त्यांना शिकवलं, आता त्यांची पाळी आहे.

आणि वाचकांनो, तुमच्या हातातही काही आहे. पुढच्या खेपेला पनवेलकडे मुक्कामाची जागा ठरवताना हौद किती खोल आहे ते विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: सकाळी आम्हाला जंगलात कोण नेणार, आणि तो कोणत्या वाडीतला? उत्तर मिळालं नाही तर तिथे पैसे भरू नका. मिळालं, तर त्या माणसाचं पूर्ण मानधन घासाघीस न करता त्याच्या हातात द्या.